जुना ॲनिमे नव्यापेक्षा स्पष्ट का दिसतो? सेलपासून कॉम्प्युटरपर्यंतचा प्रवास

मध्यंतरी सुट्टीत मी फोनवर लागोपाठ दोन ॲनिमे मालिका पाहिल्या. पहिली १९९८ची 'काउबॉय बीबॉप', दुसरी २००२मध्ये सुरू झालेली 'नारुतो'. नवी मालिका जास्त स्पष्ट दिसेल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच! जुन्या मालिकेतल्या रेषा एकदम ठसठशीत, आणि नव्या मालिकेत कडा जरा पुसट. आधी वाटलं नेट स्लो आहे. क्वालिटी सेटिंग बदलून पाहिलं, तरी फरक पडला नाही. मग थोडं वाचल्यावर कळलं की कारण माझ्या फोनमध्ये नाही, त्या मालिका ज्या पद्धतीने बनल्या त्यात आहे. तेच इथे सोप्या भाषेत सांगतो.

सेल म्हणजे काय?

सेल म्हणजे प्लास्टिकचा पारदर्शक कागद. पूर्वी तो सेल्युलॉइडचा असायचा, म्हणून हे नाव पडलं. काम असं चालायचं:

१. ॲनिमेटर कागदावर पेन्सिलने पात्राची चित्रं काढतो. आधी महत्त्वाच्या पोझ, मग त्यांच्या मधली चित्रं.
२. त्या रेषा सेलवर उतरवल्या जातात.
३. सेल उलटा करून मागच्या बाजूने रंग भरतात. त्यामुळे पुढून ब्रशचे फटकारे दिसत नाहीत आणि रेषाही झाकली जात नाही.
४. रंग वाळला की तो सेल हाताने रंगवलेल्या बॅकग्राउंडवर ठेवतात आणि वरून कॅमेऱ्याने एकेक फ्रेम फिल्मवर टिपतात.

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. पण प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र काढणं परवडत नाही. म्हणून टीव्ही ॲनिमेमध्ये एकच चित्र बऱ्याचदा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. ओसामु तेझुका यांच्या १९६३च्या 'ॲस्ट्रो बॉय' मालिकेपासून अशी काटकसर टीव्हीवर रुळली. तरीही हिशोब करून बघा, सलग हलणाऱ्या एका मिनिटाला ४८० चित्रं! १९८८च्या 'अकिरा' सिनेमासाठी तर दीड लाखाहून जास्त सेल वापरले गेले.

एखाद्या सेलवर धूळ बसली किंवा ओरखडा पडला, तर तोही फिल्मवर यायचा. थर वाढवायलाही मर्यादा होती, कारण प्रत्येक वाढत्या सेलमुळे खालचे रंग थोडे मंद दिसतात.

कॉम्प्युटर आला, पण पेन्सिल गेली नाही

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. माझाही झाला होता. मला वाटायचं, 'डिजिटल ॲनिमे' म्हणजे सगळं कॉम्प्युटरनेच काढलेलं. तसं नाहीये. कॉम्प्युटरने सुरुवातीला फक्त रंगाचा डबा आणि कॅमेरा यांची जागा घेतली. चित्रं कागदावरच काढली जायची. ती स्कॅन करायची, क्लिकने रंग भरायचे आणि सगळे थर सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. रंग वाळायची वाट बघणं संपलं, धूळही संपली.

सेल्सिस या जपानी कंपनीचं 'रेटास' हे सॉफ्टवेअर या कामासाठी खूप वापरलं गेलं. तुमच्यापैकी कोणी फोनवर किंवा टॅबवर 'क्लिप स्टुडिओ पेंट' वापरत असेल, तर ते याच कंपनीचं आहे.

हा बदल हळूहळू झाला. स्टुडिओ घिबलीच्या 'प्रिन्सेस मोनोनोके'मध्ये (१९९७) बहुतेक काम सेलवर आणि थोडं कॉम्प्युटरवर झालं. त्यांचा पहिला पूर्ण डिजिटल सिनेमा १९९९चा 'माय नेबर्स द यामादाज'. २००१च्या 'स्पिरिटेड अवे'मधली पात्रं हातानेच काढलेली आहेत, रंग मात्र कॉम्प्युटरवर भरलेत. आपला लाडका डोरेमॉनसुद्धा बदलला: १९७९ची मालिका सेलवर सुरू झाली, २००५ची नवी मालिका सुरुवातीपासून डिजिटल. सगळ्यात शेवटपर्यंत टिकली ती १९६९पासून चालू असलेली 'साझाए-सान'. तिने २०१३मध्ये सेल सोडला.

याचा मोठा फायदा एकट्यादुकट्या कलाकारांना झाला. माकोतो शिंकाई यांनी 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' (२००२) हा साधारण २५ मिनिटांचा ॲनिमे जवळपास एकट्याने, घरच्या कॉम्प्युटरवर बनवला. सेलच्या काळात हे अशक्यच होतं. पुढे 'युअर नेम' करणारे ते हेच.

मग जुनी मालिका स्पष्ट का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेल फिल्मवर शूट व्हायचा आणि फिल्ममध्ये त्या काळच्या टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त बारकावे साठतात. म्हणून मूळ फिल्म जपलेली असेल, तर ती आज नव्याने स्कॅन करून एचडी प्रिंट काढता येते. 'काउबॉय बीबॉप'चं तेच झालं.

२०००नंतरच्या पहिल्या डिजिटल मालिकांमध्ये फिल्मच नव्हती. तेव्हाचे टीव्ही साधारण ४८०पी दाखवायचे, म्हणून अनेक मालिका तेवढ्याच साइझमध्ये तयार झाल्या. 'नारुतो'चे सुरुवातीचे भाग त्यातलेच. त्यांची याहून मोठी मूळ प्रत अस्तित्वातच नाही. आज एचडी म्हणून दिसतं ते ताणून मोठं केलेलं चित्र असतं. व्हॉट्सॲपवर आलेला छोटा फोटो झूम केल्यावर जसा होतो ना, तसंच.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा'. जपानचे युगो साको आणि मुंबईचे ॲनिमेटर राम मोहन यांचा हा सिनेमा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सेलवर बनला. तो ४के रूपात २४ जानेवारी २०२५ला भारतात थिएटरमध्ये पुन्हा लागला. तीस वर्षांनीही चित्र मोठ्या पडद्याला पुरलं!

पण सेल अमर आहे असंही नाही. ते प्लास्टिक जुनं झालं की कुजायला लागतं, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो आणि चित्र खराब होतं.

आणि ३डी?

२०१७च्या 'लँड ऑफ द लस्ट्रस'मध्ये पात्रं ३डी मॉडेलची आहेत, तर २०२२च्या 'द फर्स्ट स्लॅम डंक'मध्ये ३डी आणि हाताने काढलेली चित्रं एकत्र आहेत. गंमत म्हणजे अशा कामांत कॉम्प्युटर सहज २४ वेगवेगळी चित्रं देऊ शकत असतानाही बऱ्याचदा मुद्दाम कमी चित्रं वापरतात, कारण डोळ्यांना ॲनिमेची तीच चाल सवयीची झाली आहे. पैसे वाचवायला केलेली काटकसर आता स्टाइल झाली!

तुमच्यासाठी एक सल्ला: फोनवर स्वतः ॲनिमेशन करत असाल, तर कॅनव्हास आज लागतो त्यापेक्षा मोठा घ्या. फक्त रील एक्स्पोर्ट करून मूळ प्रोजेक्ट फाइल डिलीट करू नका, तिची प्रत दुसरीकडेही ठेवा. त्या मालिका बनवणाऱ्यांनाही तेव्हा ४८०पी पुरेसं वाटलं होतं.