राळेत बुडालेला धागा

येवल्याच्या मागावर धागा तुटला की विणकराला तो तत्काळ दिसतो. बोटाने चाचपून तो सांधतो आणि काम पुढे चालू होते. पण असेच धागे राळेत भिजवून, तापवून, दाबून त्यांचा टणक पत्रा केला तर? मग आतला धागा सरळ आहे की वाकडा, हे कोणी सांगावे? हा प्रश्न आता नाशिकच्या दाराशी आला आहे.

ओझरचा विमान कारखाना १९६४ साली निघाला तो मिग-२१ विमानांसाठी. त्या विमानाचे अंग मुख्यतः धातूचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते हवाई दलातून निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरला जुळणी झालेले तेजस मार्क-१ए येथूनच आकाशात झेपावले. तेजसच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बन-तंतू आणि राळ यांच्या मिश्र पदार्थांचा आहे.

असा एक तंतू जेमतेम ७ मायक्रॉन जाडीचा. आपला केस त्याच्या दसपट भरेल. ताणाला तो मोठा चिवट. दाबाची गोष्ट मात्र निराळी. सरळ काठी भार पेलते, बाकदार काठी मोडते. तंतू मुळातच दोन-तीन अंश कललेले असले, तर दाबाखाली तेथली राळ सरकते, तंतूंना घडी पडते आणि पदार्थ अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भाराला खचतो.

मग आत डोकवावे कसे? राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले खरे. पण साध्या क्ष-किरण चित्रात हजारो तंतूंच्या सावल्या एकमेकींवर पडतात. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाचा मेंदू न कापताच त्याचे काप दाखवले. तीच युक्ती पुढे अतिसूक्ष्म वस्तूंना लावली गेली.

आता गंमत पाहा. प्रत्येक कापात तंतू म्हणजे एक वाटोळा ठिपका. संगणक त्या ठिपक्यांचे मध्य शोधतो, पुढच्या कापातला सर्वांत जवळचा ठिपका तोच तंतू असे धरतो आणि रेघ जोडत जातो. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ च्या सुमारास अशी पद्धत मांडली, की माणसाने चित्रात थोडे तंतू नमुन्यादाखल खुणावून द्यायचे. बाकीचे संगणकाने ओळखायचे. तरी चुका संभवतात. कार्बन आणि राळ यांच्यातून क्ष-किरण जवळजवळ सारखेच आरपार जातात, त्यामुळे ठिपके पुसट दिसतात. शिवाय तंतू एकमेकांना चिकटून असतात. काप दूरदूर घेतले, तर तलाठ्याने एकाचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढवावा, तसा एकाचा माग दुसऱ्याला जोडला जातो!

आणखी एक मर्यादा आहे. एकेक तंतू दिसावा इतके बारीक चित्र हवे, तर नमुना काही मिलिमीटरांचाच घ्यावा लागतो. अख्खा पंख त्या यंत्रात मावत नाही. म्हणून छोट्या तुकड्यातले कल मोजून त्यांवरून मोठ्या भागाच्या बळाचे गणित करावे लागते. त्या गणिताच्या भरवशावर वैमानिक आपला जीव सोपवतो. तेव्हा संगणकाने काढलेली रेघ खरोखर एकाच तंतूची आहे ना, हे माणसाने पुनःपुन्हा ताडून पाहिलेच पाहिजे.