जवसाचे तेल आणि धुरंधरांचे घर

आमच्या सेलूकडे जवस म्हटले की चटणी आठवते. पण तैलरंगही बहुधा याच तेलात घोटतात. हवेतला प्राणवायू घेत ते सावकाश घट्ट होते. एकेका थराला कित्येक दिवस लागतात. घरी रंगवलेले चित्र घरच्यांसमोरच वाळते.

कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १९३१ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून निवृत्त झाले. आम्हा शिक्षकांचा खडू त्या दिवशी सुटतो. चित्रकाराचा कुंचला सुटत नाही. लेक अंबिका याच घरात वाढली, जे. जे.त शिकली, चित्रकार झाली. वडील १९४४ साली गेल्यावर त्यांची चित्रे तिनेच जपली.

शाळेत कसब मिळते, रोजची बैठक मात्र घरात दिसते. लेकरांच्या डोळ्यांदेखत झालेल्या कामालाच वारस मिळतो, असे मला वाटते. तुमच्या घरी असे काय चालते?