धने, कडू संत्र्याची साल आणि हूगार्डनचा दूधवाला

बिअरला मसाला लावणं हे हॉप्सपेक्षा जुनं. मध्ययुगात उत्तर युरोपात बिअरला चव यायची ती ग्रुइट नावाच्या वनस्पतींच्या मिश्रणातून, आणि ते विकायचा हक्क सरदारांच्या किंवा धर्मपीठाच्या हातात असे. हॉप्सने बिअर जास्त टिकते हे कळल्यावर ग्रुइट मागे पडलं. बव्हेरियात 1516च्या कायद्याने जव, हॉप्स आणि पाणी यांपलीकडे काही घालायलाच मनाई केली. बेल्जियमला तो कायदा लागू नव्हता. तिथल्या बिअरमध्ये मसाल्याला जागा उरली.

कडू संत्र्याची साल मात्र समुद्रापलीकडची. स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर सेव्हिलची संत्री लावली. कोरड्या जमिनीत फळ इतकं कडू निघालं की खायच्या लायकीचं राहिलं नाही, पण सालीला सुगंध अप्रतिम. पुढे 1634मध्ये बेट डचांकडे गेलं. या वाळवलेल्या सालीचं नाव आज ज्या बिअरशी जोडलं जातं, ती हूगार्डन या बेल्जियन गावची: जवाच्या माल्टबरोबर मोड न आणलेला गहू, म्हणून गढूळ, फिकट आणि किंचित आंबूस.

ही बिअर खरं तर संपली होती. स्वच्छ, सोनेरी लागर बिअरपुढे गावातल्या भट्ट्या एकेक करून बंद पडल्या आणि 1957मध्ये टॉमसिन ही शेवटचीही थांबली. तिच्या शेजारीच पिएर सेलिस वाढला. तो दूध घालायचा, पण लहानपणी टॉमसिनमध्ये हाताखाली कामही केलेलं. जुनी बिअर मिळत नाही, ही गावकऱ्यांची हळहळ त्याला ठाऊक होती. अखेर 1966च्या सुमारास त्याने गवताच्या माळ्यावर स्वतःची भट्टी मांडली. जवाचा माल्ट, गहू, हॉप्स, धने, क्युरासावची साल, एवढंच सामान. आज जगभर या बिअरची म्हणून जी चव ओळखतात, ती या माणसाच्या आठवणीतून आणि हातातून आलेली आहे. तिचं श्रेय सहज शतकांच्या परंपरेला दिलं जातं. मला ते सेलिसला द्यावंसं वाटतं.

1985मध्ये भट्टीला आग लागली. विमा अपुरा होता, पुन्हा उभं राहण्यासाठी मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि शेवटी धंदा तिच्याकडेच गेला. सेलिस अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेला आणि 1992मध्ये तिथे तीच बिअर बनवू लागला. अमेरिकेत घरी बिअर बनवायला संघराज्याच्या कायद्याने 1979पासून मोकळीक मिळाली होती. त्यामुळे भट्टीतली ही पाककृती लवकरच घरोघरच्या पातेल्यांत पोचली.

पाककृतीत कस लागतो तो वेळेचा. धन्यांतलं लिनालूल आणि सालीतलं लिमोनीन, दोन्ही उडून जाणारी तेलं. तासभर उकळली तर सुगंध वाफेबरोबर जातो, म्हणून मसाला शेवटच्या पाच-दहा मिनिटांतच पडतो. ताजी साल वापरली तर फक्त रंगीत भाग खरवडून घ्यायचा; पांढरा थर उगाच कडवटपणा आणतो. वीस लिटरला पंधरा-वीस ग्रॅम धने पुष्कळ होतात.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही. पण परदेशात, जिथे मुभा आहे तिथे, कुणी मराठी माणूस हा घाट घालत असेल तर त्याला एक सांगणं आहे: आपल्या सवयीने धने भाजू नका. कच्चेच घ्या, खलबत्त्यात जाडसर भरडा आणि लगेच टाका.