पॅलेस्टिनी निर्वासित : परतीचा हक्क आणि शांतता वाटाघाटी

१९४८च्या अरब-इस्राएल युद्धात ७ लाखांहून अधिक पॅलेस्टिनी अरबांचे घरदार सुटले. हुसकावले गेलेले किती आणि भीतीने निघालेले किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. त्यांच्या वंशजांसह आज सुमारे ५९ लाख निर्वासितांची नोंद ‘उनरवा’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे आहे.

परतीची मागणी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ११ डिसेंबर १९४८च्या ठराव क्र. १९४चा आधार घेते : शेजाऱ्यांशी सलोख्याने राहू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावे, न परतणाऱ्यांना मालमत्तेची भरपाई द्यावी. यातून हक्क सिद्ध होत नाही, असे इस्राएल म्हणतो. निर्वासित परतले तर ज्यू बहुसंख्या टिकणार नाही, ही त्याची चिंता.

ऑस्लो करारात (१९९३) हा प्रश्न अंतिम टप्प्यावर ढकलला गेला. कॅम्प डेव्हिड (२०००) आणि ताबा (२००१) येथे चर्चा झाली. तोडगा निघाला नाही.

खुद्द निर्वासितांना काय हवे, याची सर्वाधिक गाजलेली पाहणी खलील शिकाकी यांच्या रामल्ला येथील संशोधन केंद्राने २००३मध्ये केली. पश्चिम किनारा, गाझा, जॉर्डन आणि लेबनॉनमधील सुमारे ४,५०० कुटुंबांना विचारण्यात आले; सीरियातील निर्वासित त्यात नव्हते. हक्क मान्य झालाच पाहिजे, यावर ९५ टक्क्यांहून अधिक ठाम होते. मात्र ताबा येथील चर्चेच्या धर्तीवरचे पर्याय पुढे ठेवताच इस्राएलमध्ये परतणे १० टक्क्यांनीच निवडले. भावी पॅलेस्टिनी राज्यात वसण्याकडे कल मोठा होता. १३ टक्क्यांनी सगळेच पर्याय धुडकावले. परत जाऊ म्हणणारे लेबनॉनमध्ये २३ टक्के, जॉर्डनमध्ये ५. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी आहे : जॉर्डनने बहुतेक निर्वासितांना नागरिकत्व दिले आहे. लेबनॉनमध्ये अनेक व्यवसाय त्यांना बंद आहेत आणि २००१च्या कायद्याने घर विकत घेण्याचीही वाट अडवली. निष्कर्ष जाहीर होणार त्या दिवशी जुलैमध्ये जमाव केंद्रात घुसला, तोडफोड झाली, शिकाकींवर अंड्यांचा मारा झाला. पर्यायच वाटाघाटींच्या चौकटीतले असल्याने उत्तरेही त्याच चौकटीत आली, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप.

नेत्यांनाही या विषयावर जपून बोलावे लागते. आता इस्राएलमध्ये असलेले जन्मगाव सफद पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, तिथे राहण्याचा नाही, असे पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास २०१२मध्ये इस्राएली वाहिनीवर म्हणाले. गाझात निषेध झाला. हे वैयक्तिक मत होते, असा खुलासा त्यांना करावा लागला.

ही मागणी रस्त्यावरही उतरली. गाझात ३० मार्च २०१८पासून २०१९च्या अखेरपर्यंत सीमेवरील कुंपणाजवळ परतीच्या मागणीसाठी आठवड्यागणिक निदर्शने झाली; इस्राएली गोळीबारात शेकडो मृत्यू झाले.