पाहुणा कोण, हे फक्त तुम्हालाच माहीत

1955 सालचा वसंत. हॉलिवूडच्या काहुएंगा बुलेव्हार्डवर तुम्ही रांगेत उभे आहात. पुढचे गृहस्थ फेल्ट हॅटने वारा घेतायत, मागच्या दोन बायका गेल्या सोमवारच्या भागाबद्दल बोलतायत. दर सोमवारी रात्री नऊ वाजता सीबीएसवर लागणारी 'आय लव्ह लूसी' अमेरिकेतली निम्मीअधिक घरं पाहतात असं वाटावं, इतकं तिचं वेड आहे. तुमच्याकडे तिकीट आहे आणि एक गुपित आहे. ते फोडायचं नाही, एवढीच इथे येण्याची अट.

आत शिरलात की पहिलं लक्ष वेधून घेतात ते कॅमेरे. तीन आहेत, चाकांच्या गाड्यांवर बसवलेले आणि फिल्मवर चित्रण करणारे. त्या काळी अनेक मालिका थेट प्रक्षेपित व्हायच्या. इथे मात्र नाटकासारखा सलग प्रयोग होतो, तीनही कॅमेऱ्यांवर तो एकदमच टिपतात आणि मग जोडतात. मान वर करा. दिवे सगळे छताला टांगलेले आहेत, जमिनीवर एकही नाही. ही करामत कार्ल फ्रॉइंडची. जर्मनीत 'मेट्रोपोलिस' चित्रित केलेला हा छायाचित्रकार इथे एका विनोदी मालिकेसाठी असा प्रकाश पसरून ठेवतो, की कॅमेरा कुठूनही कुठे सरकला तरी दिवे हलवावे लागू नयेत. थट्टामस्करीला इतक्या तयारीचा आधार लागतो, हे प्रेक्षकांच्या गावीही नसतं आणि ते बरंच आहे.

तुम्ही बाकावर बसता. सोबत तीनेकशे माणसं. डेझी आर्नाझ स्वतः पुढे येऊन गप्पा मारतो, विनोद सांगून तुम्हाला रंगात आणतो. तो लूसीचा पडद्यावरचा नवरा, घरचा नवरा आणि मालिका बनवणाऱ्या कंपनीचा एक मालकही. बाकांकडे नीट पाहा. लूसी साकारणाऱ्या लुसील बॉलची आई डीडी प्रेक्षकांत असते, जवळजवळ प्रत्येक चित्रीकरणाला. मुलगी पडद्यावर काही वेड्यासारखं करायला निघाली की या बाईंच्या तोंडून एक 'अं-ओह्' निसटतो, आणि तो ध्वनिफितीत जातो. पुढे वर्षानुवर्षं जगभरचे लोक तो उद्गार ऐकणार आहेत आणि तो कुणाचा हे त्यांतल्या बहुतेकांना कळणार नाही.

आजची गोष्ट सोपी आहे. लूसी हॉलिवूडला आलीय आणि न्यूयॉर्कच्या मैत्रिणीला तिने मोठ्या मोठ्या नटांशी ओळख असल्याच्या बढाया मारून ठेवल्यात. ती मैत्रीण, कॅरोलिन, खरोखरच दारात येऊन उभी राहते. तिला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. मग लूसी चष्मा लपवते आणि मुखवटे घालून स्वतःच एकामागून एक नट होते: गॅरी कूपर, क्लार्क गेबल, जिमी ड्युरांटी. बाकांवर हसू उसळतं. तुम्हीही हसता, पण तुमचं लक्ष दाराकडे आहे.

दार उघडतं. कुस्करलेली टोपी, कुरळे केस, ढगळ कोट, हातात भोंगा. मार्क्स बंधूंमधला मूक विदूषक, खरा हार्पो मार्क्स. टाळ्या पडतात. तुम्ही मात्र रंगमंचाकडे पाहू नका. शेजारच्या गृहस्थांकडे पाहा. ओळख पटण्याचा तो क्षण त्यांच्या चेहऱ्यावर कसा चढत जातो: आधी भुवया, मग तोंड आणि मग हात. याच्यासाठी तर तुम्ही सत्तर वर्षं मागे आलात.

हार्पो तेव्हा 66 वर्षांचा आहे. सिनेमाच्या पडद्यावर तो कधी बोलला नाही, आजही बोलणार नाही. भोंगा वाजवतो, कॅरोलिनला जेरीस आणतो आणि मग वीणेपाशी बसतो. ही वीणा म्हणजे पाश्चात्त्य हार्प. तो ती कुणाकडे शिकला नाही, आपली आपण वाजवत बसला. बेसबॉलच्या मैदानावर सगळा जमाव मिळून गातो ते गाणं तो छेडतो आणि खोली काही क्षण मवाळ होते. मघाचा माकडचेष्टा करणारा माणूस हाच, यावर विश्वास बसत नाही.

आणि मग आरसा.

लूसी स्वतः हार्पोचा वेश करून बसलीय: तोच कोट, तसाच केसांचा टोप, तीच टोपी. पळायला वाट नाही, ती दारात अडकते आणि समोर खरा हार्पो. सुटकेचा एकच मार्ग म्हणजे त्याचं प्रतिबिंब व्हायचं. तो संशयाने पुढे येतो, तीही येते. तो हात हलवतो, तीही हलवते. तो तोंड वेडावून दाखवतो. समोरून तेच तोंड, त्याच क्षणी. एक पाऊल बाजूला, एक पाऊल परत. बाकांवर आधी हसू असतं, मग ते थांबतं, कारण लोक आता चूक कधी होते याची वाट पाहत श्वास धरून बसतात. शेवटी हार्पो टोपी खाली सोडतो. त्याच्या टोपीला लवचीक दोरी बांधलेली आहे, ती झटक्यात उडी मारून परत हातात येते. लूसीची टोपी धप्पकन जमिनीवर. तुमच्या शेजारचे गृहस्थ पुढच्या बाकाला धरून हसतायत.

आता या रांगेतल्या फारशा कुणाला न सुचलेली एक गोष्ट तुम्ही लक्षात घ्या. 1933 च्या 'डक सूप' या चित्रपटात हाच आरशाचा खेळ झाला होता, आणि तिथे खोटं प्रतिबिंब होता हार्पो. भाऊ ग्राउचोचा वेश करून तो आरशात उभा होता. 22 वर्षांनी तो बाजू बदलून उभा आहे: आता तो खरा, आणि नक्कल करते आहे ती बाई. 1938 मध्ये 'रूम सर्व्हिस' या मार्क्स बंधूंच्या चित्रपटात हीच लुसील बॉल त्यांच्याबरोबर होती, पण तेव्हा ती दुय्यम भूमिका करणारी नटी होती. आज हार्पो तिच्या घरी पाहुणा आहे. आणि पाहुण्याला तिने दिवाणखान्यात बसवून चहा दिला नाही, कामाला जुंपलं.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. नामवंत माणूस दारातून येतो, टाळ्या घेतो, दोन वाक्यं बोलून जातो, असे हजार प्रसंग टीव्हीवर झाले आणि विसरलेही गेले. ज्यांनी पाहुण्याला चिखलात उतरवलं, ते राहिले. याच मालिकेत 1955 च्याच फेब्रुवारीत विल्यम होल्डन आला होता. ब्राउन डर्बी नावाच्या रेस्तराँमध्ये लूसी त्याच्याकडे टक लावून पाहते, तर तो उलटा तिच्याकडे टक लावून बसतो आणि ती बिचारी स्पगेटीशी झुंजत राहते. तिची मैत्रीण एथेल कात्री काढून स्पगेटी कापते. पळता पळता लूसी वेटरला असा धक्का देते की होल्डनच्या अंगावर क्रीम-पाय हे पक्वान्न. नंतर ती खोटं नाक लावून त्याला भेटते आणि तिची सिगारेट पेटवताना तो ते नाकच पेटवतो. ऑस्कर मिळवलेला माणूस, चेहऱ्यावर क्रीम घेऊन बसला. अगदी खुशीत.

याच्या उलट पाहायचं असेल तर 16 सप्टेंबर 1968 ला एनबीसीवर चला, पण थांबू नका, तिथे थांबण्यासारखं काही नाही. 'लाफ-इन' या कार्यक्रमात एक ठरलेला खेळ होता: जो 'सॉक इट टू मी' म्हणेल त्याच्यावर बादलीभर पाणी पडायचं. अध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन पडद्यावर येतात, तेच शब्द प्रश्नार्थक सुरात विचारतात आणि संपलं. काही सेकंदांचा मामला. पाणी पडत नाही. म्हणजे विनोद त्यांचा, भिजायचं दुसऱ्याने. निवडणुकीत ते एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने जिंकले. त्यांचे प्रतिस्पर्धी हम्फ्री यांनाही याच कार्यक्रमाचं बोलावणं होतं, ते आले नाहीत. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे लोक आजही भेटतात. राजकीय पाहुण्यांवर माझा मुळात विश्वास नाही, त्यामुळे मी त्या वादात पडत नाही.

19 फेब्रुवारी 1972 ला प्रक्षेपित झालेल्या भागाच्या चित्रीकरणाला मात्र निवांत बसा. सीबीएसच्या टेलिव्हिजन सिटीत ध्वनिचित्रफितीवर टिपलेला 'ऑल इन द फॅमिली'चा हा भाग. क्वीन्समधलं एक साधं घर, त्यात आर्ची बंकर. काळे, ज्यू, पोर्टो रिकन, कुणाबद्दलही आर्चीचं मत चांगलं नाही आणि ते तो बिनदिक्कत बोलतो. रिकाम्या वेळात टॅक्सी चालवताना त्याच्या गाडीत गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर बसतो, ब्रीफकेस विसरतो आणि ती न्यायला त्याच्या घरी येतो. बाकावर तुमच्या बाजूला बसलेल्या माणसांना सॅमी कोण ते सांगावं लागत नाही. काळा, ज्यू धर्म स्वीकारलेला, 1954 च्या मोटार अपघातात एक डोळा गमावलेला. 1960 मध्ये मे ब्रिट या गोऱ्या स्वीडिश नटीशी त्याने लग्न केलं, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असं लग्न बेकायदेशीर होतं. म्हणजे आर्चीच्या सगळ्या पूर्वग्रहांची यादी एका माणसात दारात उभी.

आर्ची घरच्यांना बजावतो: डोळ्याचा विषय काढायचा नाही. आणि कॉफी देताना स्वतःच विचारतो की डोळ्यात दूध-साखर घेणार का. हशा उठतो, पण त्या हशात थोडी भीतीही आहे, कारण सॅमी काय करेल हे कुणालाच माहीत नाही. सॅमी फक्त पाहतो. तो आर्चीला धोपटत नाही, लाजवत नाही, त्याला त्याच्याच मापाने बोलू देतो. शेवटी फोटो काढायचा ठरतं. आर्चीचा मित्र कॅमेरा रोखतो, आकडे मोजतो, आणि तीन म्हणताच सॅमी वळून आर्चीच्या गालाचा मुका घेतो.

आता शेजाऱ्यांकडे पाहायची गरज नाही, सगळा स्टुडिओच उठलाय. हशा संपतच नाही. आर्ची साकारणाऱ्या कॅरोल ओ'कॉनरचा चेहरा पाहा: एका माणसाच्या चेहऱ्यावर धक्का, अपमान आणि 'सॅमी डेव्हिसने मला मुका दिला' याचा लपवलेला आनंद, तिन्ही एकदम. दिग्दर्शक जॉन रिच यांना या भागासाठी एमी मिळालं. मिळायलाच हवं होतं.

इथून घरी जाताना वाटेत मुंबईच्या एका चाळीत एक मिनिट थांबा. 1988-89 च्या सुमारास दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' चालू आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला मध्यमवर्गीय कारकून, दिग्दर्शक कुंदन शाह, अंजन श्रीवास्तव वागळे आणि भारती आचरेकर त्याची बायको. एका भागात एक तरुण वागळेला गाडीचा धक्का देतो. तुम्ही खुर्चीतून उठून ओरडता, "अरे, हा तर शाहरुख!" आणि चाळीतली सगळी मंडळी तुमच्याकडे वळून पाहतात. कोण शाहरुख? 'फौजी' नुकतीच आलीय किंवा येतेय, त्याला अजून फारसं कुणी ओळखत नाही. पाहुणा नामवंत नंतर झाला. तुमच्या गुपिताला इथे कवडीची किंमत नाही. बसा खाली.

शेवटचा मुक्काम, 21 मे 1990. लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओ सिटीत 'न्यूहार्ट'चा अखेरचा भाग टिपला गेला आणि तो आज लागणार आहे, पण तुम्ही चित्रीकरणाच्या रात्रीच आत घुसा. आठ वर्षं बॉब न्यूहार्टने डिक लाउडनचं काम केलं: व्हरमाँटमधल्या एका सरायचा मालक, भोवती सगळा विक्षिप्त गाव. आज एक जपानी उद्योगपती तो गाव गोल्फ मैदानासाठी विकत घेतो. आठ वर्षांत एक शब्दही न बोललेले डॅरिल याच नावाचे दोघे भाऊ आपल्या बडबड्या बायकांवर ओरडतात, 'गप्प!' त्यांचं पहिलंच वाक्य. मग गोल्फचा चेंडू डिकच्या डोक्यात बसतो. अंधार.

कलाकारांच्या हातातल्या पटकथेत यापुढे डिक स्वर्गात जाऊन देवाला भेटतो, असं लिहिलेलं होतं. ते बनावट, बातमी फुटू नये म्हणून. खरी कल्पना बॉबच्या पत्नीची, जिनीची होती, आणि तिच्यासाठीचा सेट अंधारात पडद्यामागे तयार उभा आहे.

दिवे हळूहळू वर येतात. पलंग, टेबल, दिवा. अजून कुणी दिसलेलं नाही, तरीही एक गलका उसळतो. ही झोपायची खोली लोकांना माहीत आहे. 1972 ते 78 या काळात चाललेल्या त्याच्या आधीच्या 'द बॉब न्यूहार्ट शो'तली ती शिकागोची खोली! इथे माणसाच्या आधी फर्निचरला टाळ्या मिळतात. बॉब दिवा लावतो, आपल्याला भलतंच स्वप्न पडलं म्हणतो, आणि शेजारी कूस बदलून उठते ती एमिली, म्हणजे सुझन प्लेशेट. आठ वर्षांची आख्खी मालिका म्हणजे झोपण्याआधी खाल्लेल्या जपानी जेवणाचा परिणाम, असं ती कुरकुरत सुचवते.

गोंधळ इतका आहे की दोघांना बोलायला थांबावं लागतं. तुमच्या पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याच्या पाठीत थापा मारतेय. नवरा तिला विचारतोय, म्हणजे हे सगळं खोटं होतं? तेवढ्यात बॉब झोपायला आडवा होता होता एमिलीला सांगतो, तू स्वेटर घालत जा. आठ वर्षं व्हरमाँटमधल्या बायकोने घातलेले ते घट्ट स्वेटर आठवायला लोकांना अर्धा सेकंद लागतो, मग अगदी मागच्या बाकापासून पुढे येणारा आणखी एक हशा फुटतो.