चळवळीचा पक्ष होतो तेव्हा

१/६
१९७०च्या दशकात पश्चिमेकडील अनेक देशांत अणुवीज प्रकल्पांविरुद्ध आंदोलने उभी राहिली. मागणी बहुधा एकच. निष्पत्ती मात्र देशोदेशी निराळी. असे का, हा प्रश्न हर्बर्ट किट्शेल्ट या जर्मन राज्यशास्त्रज्ञाने हाती घेतला.

२/६
१९८६ साली त्यांनी फ्रान्स, स्वीडन, अमेरिका व पश्चिम जर्मनी यांची तुलना केली. त्यांच्या मते उत्तर राज्यव्यवस्थेच्या घडणीत होते : विरोधाला आत शिरण्यास वाटा किती, आणि घेतलेला निर्णय अमलात आणण्याचे शासनाचे बळ किती? फ्रान्समध्ये वाटा थोड्या, शासन बलाढ्य. तेथे अणुकार्यक्रम रेटला गेला. पश्चिम जर्मनीत प्रस्थापित पक्षांनी दाद दिली नाही, परंतु न्यायालयांत प्रकल्प रखडले.

३/६
दार उघडत नाही म्हटल्यावर जर्मन आंदोलकांनी जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूए येथे ग्रीन पक्ष स्थापला. १९८३ मध्ये ५.६ टक्के मते मिळवून तो संसदेत पोहोचला. सत्तेची चटक लागू नये म्हणून खासदारांनी दोन वर्षांनी जागा सोडावी, असा दंडकही त्याने घातला.

४/६
अशा पक्षांचे पुढे काय होते? १९८९च्या ग्रंथात किट्शेल्ट यांनी पश्चिम जर्मनीचे ग्रीन आणि बेल्जियमचे आगालेव्ह व एकोलो हे पक्ष अभ्यासले. त्यांना दोन ओढी दिसल्या : कार्यकर्त्यांशी इमान राखण्याची आणि निवडणूक जिंकण्याची. संघर्ष जितका तीव्र, तितकी पहिली ओढ प्रबळ.

५/६
ही ओढाताण पुढेही सुटली नाही. १९९८ मध्ये ग्रीन पक्ष केंद्रीय सत्तेत सहभागी झाला. दुसऱ्याच वर्षी युद्धविरोधाचा वारसा सांगणाऱ्या या पक्षाच्या परराष्ट्रमंत्र्याने कोसोवोतील लष्करी कारवाईचे समर्थन केले. अधिवेशनात त्याच्यावर रंगाची पिशवी फेकली गेली. मात्र अणुवीज संपवण्याचा करारही याच सरकारने २००० मध्ये केला. अनेक वळणांनंतर, १५ एप्रिल २०२३ रोजी, जर्मनीतील शेवटच्या तीन अणुभट्ट्या थांबल्या.

६/६
किट्शेल्ट पुढे समाजवादी लोकशाही पक्ष, कडवे उजवे पक्ष आणि मतांच्या बदल्यात लाभ देणारे राजकारण यांच्या अभ्यासाकडे वळले. विषय बदलले, तरी पक्ष आपल्या माणसांशी कोणत्या नात्याने बांधला जातो, हा शोध कायम राहिला. तडजोड म्हणजे द्रोह, असा निकाल देण्यापूर्वी ती कोणत्या दारासमोर झाली, हे पाहण्याची दृष्टी या अभ्यासाने दिली.