भयपटातलं संगीत ऐकून अंगावर काटा का येतो?

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि अजय-अतुल यांच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला. या गाण्यांमागचा भरदार वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झाला होता. शेवटच्या प्रसंगात मात्र एकही वाद्य वाजत नाही. रक्ताने माखलेल्या पावलांचे ठसे उमटवत लहान मूल बाहेर येतं आणि पडद्यावरचा आवाजच नाहीसा होतो.

‘सैराट’ भयपट नाही. पण तो शेवट पाहताना थिएटरमध्ये श्वास रोखले गेले. हे कसं घडतं, हे समजण्यासाठी आधी वाद्यं भीती कशी निर्माण करतात ते पाहू.

एकमेकांना खेटलेले दोन सूर

घरात पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एक आणि काळी एक या पट्ट्या एकदम दाबून पाहा. सा आणि कोमल रे एकत्र वाजल्यावर आवाज थरथरतो आणि कानाला टोचतो. या सुरांची कंपनं सेकंदाला साधारण २६२ आणि २७७ असतात. त्यांच्यातल्या फरकामुळे एकत्रित आवाज सेकंदाला सुमारे १५ वेळा लहान-मोठा होतो. यालाच आवाजाचा खरखरीतपणा म्हणतात.

माणसाच्या किंकाळीतही आवाज असाच वेगाने कमी-जास्त होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळलं, की किंकाळीत हा चढ-उतार सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो आणि असा आवाज ऐकताच मेंदूतला भीतीशी संबंधित अमिग्डाला हा भाग जास्त सक्रिय होतो.

व्हायोलिन घाबरवतं कसं?

गोड वाजणारं व्हायोलिनच भयपटात सर्वाधिक कामाला येतं. वाजवण्याची पद्धत बदलली की आवाज पार बदलतो.

• ट्रेमोलो : एकाच सुरावर गज अतिशय वेगाने मागे-पुढे फिरवणं. सूर थरथर कापतो.
• सुल पोंटिचेल्लो : तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या अगदी जवळ गज फिरवणं. आवाज पातळ आणि काचेसारखा होतो.
• कोल लेन्यो : गजाच्या केसांऐवजी लाकडाने तारांवर मारणं. हाडं खुळखुळल्यासारखा आवाज येतो.
• ग्लिसांडो : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. आपल्या मींडेसारखंच. पण वीसेक वादक वेगवेगळ्या वेगाने घसरले की पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं.

१९६० च्या ‘सायको’साठी संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. बाथरूममधल्या खुनाच्या प्रसंगात ढोल नाही, तुतारी नाही. व्हायोलिनचे उंच, कर्कश फटकारे तेवढे आहेत. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांना हा प्रसंग आधी संगीताशिवायच हवा होता. हरमन यांचं संगीत ऐकल्यावर त्यांनी मत बदललं.

त्याच सुमारास पोलंडचे क्रिस्टॉफ पेंडेरेत्स्की यांनी ५२ तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. तिच्यात वादक शेजारशेजारचे सूर एकाच वेळी वाजवतात आणि सुरांची जणू भिंत उभी राहते. हिरोशिमाच्या बळींना वाहिलेल्या या रचनेचं मूळ नाव फक्त तिची लांबी सांगणारं होतं. पेंडेरेत्स्कींच्या इतर रचना पुढे १९८० च्या ‘द शायनिंग’ या भयपटात वापरल्या गेल्या.

खर्जातली भीती

१९७५ च्या ‘जॉज’मध्ये जॉन विल्यम्स यांनी जेमतेम दोन सुरांवर शार्क उभा केला. हे सूरही पेटीवरच्या त्या दोन पट्ट्यांसारखेच शेजारचे. फक्त ते एकत्र न वाजता चेलो आणि डबल बासच्या खर्जात एकामागोमाग येतात. सुरुवातीला संथ असलेली लय वाढत जाते आणि मासा दिसत नसतानाही तो जवळ आल्याचं कळतं.

आणि मग शांतता

संगीत प्रेक्षकाला घाबरवतं, तसंच ते सोबतही करतं. आता काय वाटायला हवं, याचा इशारा त्यातून मिळतो. भयपटात दचकवणाऱ्या क्षणाआधी अनेकदा सगळी वाद्यं थांबवली जातात, ती यासाठीच. इशारा बंद झाला की कान स्वतःच धोका शोधू लागतात.

पण भयपटात शांततेनंतर दणका येतो आणि ताण सुटतो. ‘सैराट’मध्ये तो येतच नाही. मुलाचं रडणंही ऐकू येत नाही. जातीच्या नावाखाली झालेल्या त्या हत्येनंतर प्रेक्षकाला रडवायला व्हायोलिन नाही आणि सावरायलाही नाही. झिंगाटवर नाचलेला प्रेक्षक म्हणूनच थिएटरबाहेर पडताना गप्प होता.